यांच्या उदार देणगीतून

मी, खाली सही करणारी, धंद्याने पाटीवाली, म्हणजे दगडावर नावांच्या पाट्या करणारी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि निव्वळ स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या घराचं, पैशांचं, हत्यारांचं आणि उरल्यासुरल्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदात आहे, आणि याच कागदात आहे. याआधी मी दोन वेळा मृत्युपत्र केलं होतं. पहिल्यात सगळं धाकट्या मुलीला दिलं होतं, दुसऱ्यात घर समोरच्या रुग्णालयाला. दोन्ही मी थोरल्या मुलावर चिडून लिहिली होती. ती रद्द समजावीत. हे तिसरं राग उतरल्यावर लिहिते आहे, म्हणून ते जास्त पक्कं आहे.

माझं आणि सगळ्यांचं पूर्ण नाव वकीलसाहेबांनी पुरवणीत घातलं आहे. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कायद्याला असं चालत नाही." मी म्हटलं, "कायद्याचं तुम्ही बघा. वाचणारी माणसं माझी आहेत, त्यांना थोरला म्हटलं की कळतं कोणाला बोलतेय ते." शेवटी त्यांनी पुरवणी जोडली. भला माणूस आहे, फक्त प्रत्येक वाक्यात 'सबब' घालायला बघतो. जिथे दिसली तिथे मी ती खोडली आहे.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "बाहेर एवढी माणसं ताटकळत उभी आहेत आणि तुम्ही मला वार विचारत बसलाय?" त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. मला कोणी दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही. मला फूस लावणारा अजून जन्माला यायचा आहे, हे थोरलाही शपथेवर सांगेल.

कलम पहिलं. हत्यारं.

कामाच्या जागेत भिंतीवर टांगलेली सगळी हत्यारं आमच्या ह्यांची. मी संगमरवरावर ब्रशने अक्षरं आखायची, आणि हे ती छिन्नीने कोरायचे. हे गेल्यावर आखणं आणि कोरणं दोन्ही माझ्याकडे आलं. यातल्या दोन छिन्न्या आणि एक जड हातोडी बाजूला काढून बाकी सगळं स्टेशनजवळच्या पाटीवाल्याला द्यावं. हो, त्यालाच. "मावशी, हाताने कोरायचे दिवस गेले, आता मशीन आहे," असं तो माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला होता. वीज गेली की तो हातावर हात धरून बसतो. तेव्हा त्याला ही हत्यारं उपयोगी पडतील, आणि दर वेळी हातात घेताना त्याला मी आठवेन. एवढा सूड मला पुरे आहे.

बाजूला काढलेल्या दोन छिन्न्या आणि हातोडी थोरल्याला द्यावी. एक छिन्नी रुंद आहे, दगडाचं तोंड तासायची. दुसरी बारीक, आकडे कोरायची. थोरला लहानपणी ह्यांच्या हाताखाली आकडे कोरायला शिकला होता. अक्षरांपर्यंत यायच्या आधीच "मला ही धूळ सोसत नाही" म्हणून उठला, आणि मोठा झाल्यावर त्याने फरशीचं दुकान काढलं. दुकान छान चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आकडे तो सुरेख काढायचा. त्याचा आठ ह्यांच्या आठापेक्षा गोल यायचा, आणि हे ते मान्यही करायचे. या दोन्ही छिन्न्यांना मी परवाच धार लावून ठेवली आहे. कशासाठी, ते शेवटच्या कलमात येईल. मधलं वाचल्याशिवाय उडी मारू नये.

कलम दुसरं. पैसे, बांगड्या आणि कपाट.

बँकेत जे आहे त्यातून आधी माझ्या आजारपणाचा आणि शेवटचा खर्च भागवावा. माझ्यासाठी थाटमाट करू नये. उरेल ते धाकटीचं. ती शाळेत शिकवते, आणि पगार हातात पडला की आधी तो वाटत सुटते, मग महिनाअखेरीला माझ्याकडे जेवायला येते. तिला मी नेहमी म्हणते, "अगं बाई, स्वतःलाही थोडं ठेव." निदान या पैशातून तिने एक चांगला गरम कोट घ्यावा आणि तो कोणालाही देऊ नये. ही अट आहे.

दोन सोन्याच्या बांगड्या सुनेला द्याव्यात. माझं आणि तिचं फारसं गूळपीठ नव्हतं, पण मी तापाने पडले होते तेव्हा तिने तोंडातून एक शब्द न काढता माझं सगळं केलं. मी तेव्हा तिला काही बोलले नाही. आता लेखी बोलते : पोरी, तू फार माया केलीस.

आरशाचं कपाट नणंदेला द्यावं. लग्न होऊन मी घरात आले त्या दिवसापासून ती "वहिनी, हे आमच्या आईचं हं," म्हणत त्याच्या आरशात बघून केस सारखे करत आली. होतंच ते तिच्या आईचं, पण त्या माउलीने ते मला दिलं होतं. घेऊन जा म्हणावं, एकदाची शांतता होऊ दे. मात्र कपाट हवं असेल तर तिचं एक पालुपद तिने बंद करायचं. थोरल्याने लहानपणी एकदा कोणालातरी पेन्सिल दिली नाही, तेव्हापासून ती आल्यागेल्याला सांगते, "आमचा हा? हा कसला देतोय!" तिच्या तोंडून ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. वर्गणी मागायला कोणी आलं की धाकटी त्यांना जिन्यातच सांगायची, "दादाकडे जाऊ नका, उगाच हेलपाटा." थोरला आतून ऐकायचा. हसायचाही.

कलम तिसरं. मी काय पाहिलं.

वकीलसाहेब म्हणतात की या कलमात काहीच कोणाला दिलेलं नाही, तर हे कलमच नव्हे. असू दे. हे वाचल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

माझं घर रुग्णालयाच्या मोठ्या फाटकाच्या बरोबर समोर आहे. या रुग्णालयात देणगीची जी म्हणून पाटी आहे ती आमच्या हातची आहे. खाटा, पंखे, बाक, पाण्याचे नळ, चाकाच्या खुर्च्या, सगळ्यांवर नावं आहेत. देणारा माणूस देऊन झाल्यावर आमच्याकडेच यायचा, नाव लिहून घ्यायला. त्यामुळे माणसं का देतात हे मी फार जवळून पाहिलं आहे. लोकांना वाटतं, दयेने देतात. दयेने देणारे असतात, पण ते माझ्याकडे फार आले नाहीत.

एक तेलवाले होते. त्यांनी पंखा दिला आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर आपलं नाव रंगवून घेतलं. पंखा फिरायला लागला आणि नाव दिसेना. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात सांगायला गेले, की लोक भेटायला येतात तेवढा वेळ पंखा बंद ठेवत जा. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "काका, लोक दुपारी येतात, आणि पंखाही दुपारीच लागतो." ते म्हणाले, "मग दुपारी बंद ठेवा!"

एक जण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आले, चाकाच्या खुर्चीची पाटी सांगून गेले, आणि बरे होऊन घरी जाताना खुर्चीऐवजी स्टुलावर भागेल का ते विचारायला परत आले. दोघं सख्खे भाऊ होते. धाकट्याने बाक दिला म्हणून मोठ्याने त्याहून लांब बाक दिला. लांब बाक व्हरांड्यात मावेना, तो अंगणात ठेवावा लागला. आणि एक गुप्तदानवाले. त्यांनी नाव लावायचं नाही असं निक्षून सांगितलं, आणि मग रोज माझ्या दारात येऊन विचारायचे, "काय म्हणतात हो लोक? कोणी दिलं असेल, काही अंदाज?"

मी हसले आहे या सगळ्यांना. पोटभर हसले आहे. पण एक नवरा-बायको आले होते, त्यांनी बुटका बाक मागितला. सुताराने विचारलं, इतका बुटका कशाला? बायकोने हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला, एवढ्या मुलाचे पाय टेकतील असा हवा. ती पाटी मी आखली तेव्हा माझा ब्रश दोनदा थांबला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आता सांगायचं ते असं. त्या बुटक्या बाकावर मुलं बसतात, आणि भावावर कुरघोडी करायला दिलेल्या लांब बाकावरही थकलेली माणसं बसतात. बसणाऱ्याने अजून मला विचारलेलं नाही, की बाई, हा बाक कोणत्या भावनेने दिला होता हो? त्याचे पाय दुखत असतात, तो बसतो. म्हणून कारणावरून मी कोणाला नावं ठेवायचं सोडून दिलं. पंख्यावाल्याला सोडून. त्याला अजून ठेवते.

कलम चौथं. कापडवाल्याची पाटी.

ही हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तिचा शेवट मी कोणाला सांगितलेला नाही.

आमची कामाची एक पद्धत होती. काम नसायचं त्या दिवसांत हे दगड आधीच अर्धे तयार करून ठेवायचे. म्हणजे वर नावाची जागा मोकळी सोडायची आणि खाली 'यांच्या उदार देणगीतून' एवढी ओळ कोरून टाकायची, कारण ती सगळ्यांना लागतेच. गिऱ्हाईक आलं की फक्त नाव. असे दगड ओळीने भिंतीला टेकवलेले असायचे.

बाजारातल्या कापडवाल्याने नवं घर बांधलं आणि दारावर लावायला नावाची पाटी सांगितली. कापडवाला म्हणजे गावात नंबर एकचा चिक्कू. कापड मोजताना ते ताणून धरतो, अशी त्याची ख्याती. ह्यांना तेव्हा ताप होता. मी आत औषध उकळत होते, आणि हे माझं ऐकतील तर शपथ. तापातच उठले, भिंतीकडचा दगड ओढला, मी कागदावर काढून दिलेलं नाव बघून सरळ त्यावर कोरलं आणि परत झोपले. खालची ओळ बघितलीच नाही. हमाल आला. त्याला वाचता येत होतं, म्हणूनच घोटाळा झाला. त्याने 'उदार देणगीतून' वाचलं आणि दगड कापडवाल्याच्या घरी न नेता नेहमीसारखा रुग्णालयात नेऊन टाकला. तिथल्या गवंड्याने विचारलं, कुठे बसवू? कारकुनाने मान वर न करता सांगितलं, बालविभागाची भिंत मोकळी आहे, तिथे लाव. बालविभागाला तोवर कोणीच काही दिलेलं नव्हतं. मुलं उघड्या गाद्यांवर झोपायची, आणि दारावर मात्र आता कापडवाल्याची उदार देणगी.

दोन दिवसांनी कापडवाला माझ्या दारात. तोंड लालबुंद.

"हे काय करून ठेवलंत? मी कधी दिली देणगी? सकाळपासून बायका दुकानात येऊन हात जोडतायत. एक तर माझ्या गादीवर बसून रडली! गिऱ्हाईक बघत होतं!"

हे पांघरुणातून म्हणाले, "चूक झाली, शेठ. उद्या जाऊन काढतो."

मी म्हटलं, "काढू की. पण शेठ, दगडावरचं नाव पुसता येत नाही. रुंद छिन्नीने सगळं तोंड तासावं लागतं. दिवसभर ठोकाठोक चालेल, आणि तीही बालविभागाच्या दारात. येणारा-जाणारा विचारणार, नाव का हो काढताय? आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. हे सांगून टाकणार, त्यांनी काही दिलंच नव्हतं म्हणून."

"मग शिकवा की त्यांना खोटं बोलायला!"

"लग्नापासून शिकवतेय."

तो पायरीवर मटकन बसला. म्हणाला, "मग आता मी करू तरी काय?"

मी म्हटलं, "पाटी खरी करा."

तो उठून गेला. चार-सहा दिवसांनी बालविभागात हातगाडीवरून चादरी आल्या. दुकानातला न खपलेला माल होता, कुठे डाग, कुठे रंग उडालेला. सिस्टरनी तशाच अंथरल्या. मग हे महाशय चोरून बघायला आले. खिडकीतून पाहिलं तर एक एवढीशी मुलगी त्या डागाळलेल्या फुलाफुलांच्या चादरीवर गाढ झोपली होती. त्या आठवड्यात चांगल्या चादरी आल्या, कोऱ्या करकरीत. त्यानंतर तो दर वर्षी स्वतः येऊन खाटांची मापं घ्यायचा, आणि चादरी मापाला लावताना, सिस्टर सांगतात, कापड अजिबात ताणायचा नाही.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. आता न सांगितलेलं. तो शेवटच्या आजारात याच रुग्णालयात होता. मी भेटायला गेले. मी थट्टेने म्हटलं, "काय शेठ, एक चुकीचा दगड तुम्हाला महागात पडला." तो हसला नाही. म्हणाला, "बाई, तुम्हाला वाटतं मी लाजेने दिलं. पहिल्यांदा लाजेनेच दिलं. पण त्याआधी मला कधी कोणी मागितलंच नव्हतं हो. वर्गणीवाले माझं दुकान टाळून पुढे जायचे. म्हणायचे, हा काय देणार. मीही म्हणायचो, बरं झालं, सुटलो. तसा सुटलो, पण सगळ्यांच्या बाहेरच राहिलो."

एवढं बोलून त्याने मला चादरीचं टोक दाखवलं. त्याच्याच दुकानातली होती. तिच्यावर हात फिरवत होता.

कलम पाचवं. भांडण.

आता घराचं. खाली कामाची मोठी जागा, मागे नळ आणि न्हाणी, माडीवर दोन खोल्या. रुग्णालयात बाहेरगावची माणसं येतात. आजारी माणसाला आत खाट मिळते, त्याच्या बायकोला, बापाला काही मिळत नाही. ती फाटकाच्या भिंतीला टेकून राहतात. एकदा एक बाई दारात येऊन म्हणाली, "ताई, पोराचा सदरा धुवायला तुमचा नळ वापरू का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली. तिथून सुरू झालं. आता संध्याकाळ झाली की माझ्या कामाच्या जागेत दगडांच्या मधे सतरंज्या पडतात. मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला घालवत नाही. पण मी गेले आणि दाराला कुलूप लागलं, तर ती माणसं परत भिंतीला टेकून बसतील. माझा जीव अडकला आहे तो तेवढ्यात. बाकी मी तयार आहे.

शेजारच्या औषधवाल्याला दुकान वाढवायला ही जागा हवी आहे. तो थोरल्याशी बोलला. थोरला माझ्याकडे आला.

"आई, चांगला भाव देतोय तो. तू आता जिने चढू नकोस. माझ्याकडे राहायला ये."

"आणि खालची माणसं?"

"ती आपली कोण?"

"कोणाची तरी आहेत ना!"

"तुला खरं सांगू? तुला नाव हवंय. आयुष्यभर दुसऱ्यांची कोरलीस, आता स्वतःचं लावायचंय दारावर. तसं सरळ सांग की!"

मला ते झोंबलं. मी म्हटलं, "हो, हवंय! मग?" आणि तांब्या आपटला. तो ताडताड निघून गेला. मग मी घर रुग्णालयाच्या नावे लिहिलं, आणि त्याने हरकत घ्यायला वकील गाठला. मुलाने आईच्या मृत्युपत्राविरुद्ध आई जिवंत असताना वकील गाठायचा, म्हणजे काय म्हणावं! धाकटीने त्याच्याशी बोलणं सोडलं. मी दोन महिने जिद्दीने त्याचं नाव काढलं नाही.

पण त्या दिवशी तो निघून जाताना मी माडीच्या खिडकीत उभी होते. खाली पायरीशी एक म्हातारबाबा भिंतीला टेकून झोपला होता. त्याच्या चपला उन्हात तापत पडल्या होत्या. थोरला त्यांच्यापाशी थांबला. इकडे तिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना म्हणून. मग वाकून त्या चपला सावलीत सरकवल्या आणि गेला. रागात होता, तरी सरकवल्या.

थोरल्या, मी पाहिलं ते.

कलम सहावं आणि शेवटचं. घर.

माझं राहतं घर, खालच्या कामाच्या जागेसह, नळ-न्हाणीसह, माझ्यामागे संपूर्णपणे आणि कायमचं माझ्या थोरल्या मुलाचं होईल. त्याने ते ठेवावं, विकावं, द्यावं, त्याची मर्जी. रुग्णालयाचा त्यावर काही हक्क नाही, धाकटीचा नाही, कोणाचाही नाही.

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, निदान अट घाला. विकायचं नाही, माणसांना राहू द्यायचं, अशी." मी म्हटलं, "अट घातली तर तो अट पाळेल. देणार कधी?" ते म्हणाले, "मग तुम्हीच रुग्णालयाला द्या, तुमच्या आधीच्या विचारासारखं." मी म्हटलं, "मेलेल्या बाईने घर दिलं यात काय मोठं? मला ते बरोबर नेता येणार आहे का? हातातून सुटणारच आहे, त्याला मी दान म्हणू? द्यायला जिवंत माणूस लागतो, ज्याला ते विकून पैसे घेता आले असते." त्यांनी लेखणी उचलली. मग स्वतःच पुढचं वाक्य लिहून घ्यायला लागले.

दरवाजाच्या उजव्या बाजूला भिंतीत बसवलेला, गोणपाटाने झाकलेला एक दगड आहे. रुग्णालयाच्या गवंड्याने बसवला आहे, आणि तो पक्का बसला आहे. औषधवाला रोज विचारतो, "बाई, काय आहे हे?" आज त्यालाही कळेल. हे वाचून झालं की धाकटीने भर दुपारी, माणसांच्या वर्दळीत, ते गोणपाट काढायचं. धाकटे, फक्त काढायचं. दादाला एका शब्दाने टोचायचं नाहीस, डोळ्यांनी सुद्धा नाही. या मृत्युपत्राची व्यवस्था मी तुझ्यावर सोपवते ती याच भरवशावर.

दगडावर माझं नाव नाही. खोटं कशाला सांगू, मोह झाला होता. एक संध्याकाळ ब्रश हातात धरून बसले होते. मग थोरल्या, तुझं पूर्ण नाव आखलं. माझ्या हातून निघालेलं आजवरचं सगळ्यात देखणं अक्षर आहे. तुझ्या नावाखाली तीच ओळ आहे, यांच्या उदार देणगीतून, आणि त्याखाली, आजाऱ्यांच्या माणसांसाठी विसाव्याचं घर. सगळ्यात खाली तारखेची जागा मोकळी सोडली आहे.

तुझ्याकडे दोन छिन्न्या येतील. विकायचं ठरवलंस तर रुंद छिन्नी घे आणि स्वतःच्या हाताने दगडाचं तोंड तास. दिवसाउजेडी तास. कोणी विचारलं तर तुला खोटं बोलता येतं, तू माझ्यावर गेला आहेस, तेव्हा काहीतरी सांगशील. त्यानंतर मी तुला काही बोलणार नाही, आणि तुझ्यावरची माझी माया यात मोजू नकोस. ती घराआधीची आहे.

आणि नाही ठरवलंस, तर बारीक छिन्नी आहे. अक्षरं तुला येत नाहीत, ती मी करून ठेवली आहेत. आकडे तुला येतात.

आजपर्यंत आपण या घरावरून भांडलो. मी तुला ठणकावून सांगितलं, टोमणे मारले, वकिलाला वकील लावला. एक गोष्ट मात्र राहिली. तुला कोणी कधी मागितलं नाही रे. जिन्यातूनच लोक परत पाठवले आम्ही. म्हणून आज सही करण्याआधी, साक्षीदारांच्या समोर, मी तुझी आई तुझ्याकडे मागते : बाळा, हे घर त्या माणसांना देशील का?

वरील सगळं मला वाचून दाखवण्यात आलं, मी ते ऐकलं, आणि दोन ठिकाणी लपून राहिलेली 'सबब' खोडून खाली सही केली. माझ्यासमोर साक्षीदारांनी आणि साक्षीदारांसमोर मी.

सही : पाटीवाली (सही मोठी आली आहे, सवय आहे)

साक्षीदार पहिली : बालविभागातल्या मोठ्या सिस्टर. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते कायद्याने चालतं असं वकीलसाहेब म्हणाले.

साक्षीदार दुसरा : शेजारचा औषधवाला. याला मुद्दाम बोलावलं. सही केल्यावर म्हणाला, "बाई, दगड भिंतीत किती खोल आहे?" मी सांगितलं, "भिंतीएवढा."

स्थळ : रुग्णालयासमोरच्या घराची माडी, खिडकीजवळची खुर्ची.

दिनांक : या कागदावरची वकीलसाहेबांनी शिक्क्याखाली घातली आहे. दगडावरची थोरला घालेल.